जाणारा मार्ग आणि परतीचा मार्ग : वेगवेगळी सबनेट स्टॅटिक रूटने कशी जोडावीत

भोसरी, चाकण किंवा रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीतल्या एखाद्या मध्यम कारखान्याचे नेटवर्क पाहिले, तर ते बहुधा एका बैठकीत आखलेले नसते. आधी ऑफिसातल्या संगणकांसाठी इंटरनेटचा राउटर येतो, मग सीसीटीव्ही बसवणारा स्वतःची वेगळी रेंज लावून जातो, पुढे सीएनसी यंत्र पुरवणारी कंपनी यंत्राला आपल्या सोयीचा आयपी पत्ता देते, आणि दोन-तीन वर्षांनी व्यवस्थापनाला वाटू लागते की शॉपवरच्या, म्हणजे उत्पादनाच्या शेडमधल्या, यंत्राने आज किती नग काढले हे ऑफिसात बसून दिसले पाहिजे. केबल जोडलेली असते, स्विचवरचे दिवे लुकलुकत असतात, तरीही ऑफिसातल्या संगणकावरून यंत्राला पिंग (पोहोच तपासणारा छोटा संदेश) केले की ‘रिक्वेस्ट टाइम्ड आउट’ यापलीकडे उत्तर येत नाही. दोन्ही बाजूंची सबनेट, म्हणजे आयपी पत्त्यांचे गट, वेगळी आहेत आणि मधल्या राउटरांना एकमेकांच्या पलीकडे काय आहे याची कल्पना नाही, एवढेच याचे कारण असते. ती कल्पना हाताने लिहून देणे म्हणजे स्टॅटिक रूट. लिहायला तो एका ओळीचा आहे; मात्र त्या ओळीच्या जोडीला उलट दिशेची दुसरी ओळ कुठेतरी असावी लागते, आणि बहुतेक तक्रारींचे मूळ ती दुसरी ओळ नसण्यात सापडते.

संगणक आधी स्वतः काय ठरवतो

समजा, भोसरीच्या अशा कारखान्याच्या ऑफिसात १९२.१६८.१.० हे सबनेट आहे आणि त्याचा मास्क २५५.२५५.२५५.० आहे. हाच मास्क थोडक्यात /२४ असा लिहितात, कारण ३२ बिटांच्या पत्त्यातले पहिले २४ बिट सबनेटची ओळख सांगतात आणि उरलेले ८ बिट त्या सबनेटमधल्या उपकरणाची. शॉपवरची यंत्रे १९२.१६८.१०.०/२४ मध्ये आहेत. ऑफिसातल्या १९२.१६८.१.२५ या संगणकाला शॉपवरच्या १९२.१६८.१०.१५ या पीएलसीशी (यंत्र चालवणाऱ्या नियंत्रकाशी) बोलायचे आहे.

पॅकेट (पाठवायच्या माहितीचा पत्ता लावलेला तुकडा) तारेवर सोडण्याआधी संगणक स्वतःचा पत्ता आणि पीएलसीचा पत्ता हे दोन्ही आपल्या मास्कमधून गाळून पाहतो. /२४ असताना याचा अर्थ पहिले तीन आकडे जुळतात की नाही एवढाच होतो. जुळले, तर समोरचे उपकरण आपल्याच सबनेटमध्ये आहे असे धरून तो एआरपीची हाक देतो, म्हणजे ‘हा आयपी पत्ता कोणाचा आहे, त्याने आपला मॅक पत्ता (नेटवर्क कार्डचा स्वतःचा क्रमांक) सांगावा’ असे सगळ्या सबनेटला विचारतो, आणि मिळालेल्या मॅक पत्त्यावर पॅकेट थेट पाठवतो. आकडे जुळले नाहीत, तर तो पीएलसीला शोधण्याच्या भानगडीत पडतच नाही. पॅकेट सरळ डीफॉल्ट गेटवेच्या, म्हणजे सबनेटबाहेर नेणाऱ्या ठरलेल्या राउटरच्या, मॅक पत्त्यावर पाठवतो आणि पुढची काळजी गेटवेवर सोडतो. या दुसऱ्या वेळी पॅकेटवरचा अंतिम आयपी पत्ता पीएलसीचाच राहतो आणि फक्त मॅक पत्ता गेटवेचा असतो.

हा निर्णय सर्वस्वी मास्कवर अवलंबून असल्यामुळे मास्क चुकला की राउटरवर कितीही मार्ग लिहिले तरी उपयोग होत नाही. ऑफिसातल्या एखाद्या संगणकाला घाईत २५५.२५५.०.० असा मास्क दिला गेला, तर त्याच्या दृष्टीने १९२.१६८.१०.१५ शेजारीच बसलेला असतो. तो एआरपीने हाका मारत राहतो, त्या हाका राउटरच्या पलीकडे जात नाहीत, आणि बाकी सगळे संगणक नीट चालत असताना हा एकच का अडला, असा प्रश्न पडतो. म्हणून राउटरला हात लावण्याआधी दोन्ही टोकांच्या उपकरणांवरचे पत्ता, मास्क आणि गेटवे हे तिन्ही रकाने स्वतःच्या डोळ्यांनी पाहावेत. कोणी तोंडी सांगितले म्हणून गृहीत धरू नयेत.

राउटरकडची यादी

राउटरकडे मार्गांची एक यादी असते आणि पॅकेट आले की तो फक्त त्या यादीत पाहतो. यादीतल्या काही नोंदी त्याला कोणी सांगाव्या लागत नाहीत. ज्या सबनेटमध्ये त्याचे स्वतःचे पोर्ट आहे आणि ते पोर्ट चालू आहे, ते सबनेट त्याला आपोआप माहीत असते. त्यापलीकडचे काहीही त्याला माहीत नसते. तिथे स्टॅटिक रूट लागतो आणि त्यात तीन गोष्टी असतात : कोणते सबनेट, त्याचा मास्क काय, आणि तिकडे जाणारे पॅकेट कोणाच्या हाती द्यायचे. या तिसऱ्या गोष्टीला नेक्स्ट हॉप म्हणतात. घरगुती राउटरच्या पानावर हाच रकाना ‘गेटवे’ या नावाने असतो.

स्वारगेटला उभे राहून कोणी चाकणचा रस्ता विचारला, तर जाणकार माणूस सगळी वळणे सांगत बसत नाही. ‘नाशिक फाट्याला जा, तिथे पुढचे विचारा’ एवढेच सांगतो. राउटरही इतकेच करतो. पूर्ण वाट कोणत्याही एका राउटरला माहीत नसते, प्रत्येकाला फक्त पुढचा टप्पा ठाऊक असतो. यातून एक नियम निघतो, जो नवख्या माणसाकडून हमखास मोडला जातो : नेक्स्ट हॉप हा राउटरला थेट पोहोचता येईल असा, म्हणजे त्याच्या स्वतःच्याच एखाद्या सबनेटमधला पत्ता असावा. आपल्या उदाहरणात ऑफिसच्या मुख्य राउटरचा पत्ता १९२.१६८.१.१ आहे. शॉपच्या राउटरला दोन तोंडे आहेत, ऑफिसकडचे १९२.१६८.१.२ आणि शॉपकडचे १९२.१६८.१०.१. मुख्य राउटरवर मार्ग लिहिताना नेक्स्ट हॉप म्हणून १९२.१६८.१.२ द्यायचा. ‘जायचे शॉपला आहे, तर शॉपच्या गेटवेचा पत्ता द्यावा’ असा विचार करून १९२.१६८.१०.१ लिहिले, की बरेच राउटर ती ओळ नाकारतात आणि काही ती निमूटपणे जपून ठेवतात पण वापरत नाहीत. दुसरा प्रकार जास्त त्रासाचा, कारण पडद्यावर ओळ दिसत राहते आणि शोध भलतीकडेच चालू राहतो.

एकाच पत्त्याला यादीतल्या दोन-तीन नोंदी लागू पडत असतील, तर ज्या नोंदीचा मास्क सर्वांत लांब, म्हणजे जी सर्वांत नेमकी, ती चालते. नोंदी कोणत्या क्रमाने लिहिल्या याला महत्त्व नसते. १९२.१६८.०.०/१६ ही मोघम नोंद एका दिशेला आणि १९२.१६८.१०.०/२४ ही नेमकी नोंद दुसऱ्या दिशेला असेल, तर पीएलसीकडचे पॅकेट दुसऱ्याच नोंदीने जाणार. सर्वांत मोघम नोंद ०.०.०.०/० ही असते. कोणतीही दुसरी नोंद लागू पडली नाही तरच ती कामी येते आणि तिलाच डीफॉल्ट रूट म्हणतात. इंटरनेटकडे जाणारा मार्ग बहुतेक ठिकाणी हाच असतो. मार्ग लिहायचा राहून गेला की ऑफिसचा मुख्य राउटर पीएलसीचे पॅकेट याच डीफॉल्ट रूटने इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीकडे पाठवून देतो आणि ते तिथे टाकून दिले जाते, कारण १९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते १९९६ च्या आरएफसी १९१८ या दस्तऐवजाने खासगी वापरासाठी राखून ठेवलेले आहेत आणि सार्वजनिक इंटरनेटवर त्यांना वाट नाही. ट्रेसरूट (वाटेतले राउटर दाखवणारी आज्ञा) चालवून पाहिल्यावर दुसऱ्या टप्प्यावर शॉपच्या राउटरऐवजी इंटरनेट कंपनीचा पत्ता दिसला, तर हेच घडले आहे असे समजावे.

भोसरी आणि चाकण

उदाहरण थोडे वाढवू. याच कारखान्याचे दुसरे युनिट चाकणला आहे, तिथले सबनेट १९२.१६८.२०.०/२४ आहे, आणि दोन्ही युनिटांना जोडणारी एक लीज्ड लाइन (भाड्याने घेतलेली स्वतंत्र जोडणी) आहे. त्या लाइनीच्या दोन टोकांना दोनच पत्ते लागतात, म्हणून तिला १०.०.०.०/३० हे चार पत्त्यांचे सबनेट दिले आहे. त्यातला पहिला पत्ता सबनेटचा स्वतःचा आणि शेवटचा ब्रॉडकास्टचा (सगळ्यांना एकदम हाक मारण्याचा), उरलेल्या दोघांपैकी १०.०.०.१ भोसरीच्या मुख्य राउटरला आणि १०.०.०.२ चाकणच्या राउटरला. चाकणला वेगळे इंटरनेट नाही, ते भोसरीतूनच जाते. आता लिहायच्या ओळी अशा :

भोसरीचा मुख्य राउटर : १९२.१६८.१०.०/२४ साठी १९२.१६८.१.२ कडे, १९२.१६८.२०.०/२४ साठी १०.०.०.२ कडे, बाकी सगळे इंटरनेट कंपनीकडे.
शॉपचा राउटर : सगळे १९२.१६८.१.१ कडे.
चाकणचा राउटर : सगळे १०.०.०.१ कडे.

ज्या राउटरला बाहेर पडायला एकच दार आहे, त्याच्यावर एक डीफॉल्ट रूट पुरतो. सबनेटगणिक वेगळ्या ओळी लिहिण्याची गरज नसते. उद्या चाकणला स्वतंत्र इंटरनेट घेतले, तर तिथला डीफॉल्ट रूट नव्या इंटरनेटकडे वळेल आणि त्याच दिवशी भोसरीच्या दोन्ही सबनेटांसाठी १०.०.०.१ कडे जाणाऱ्या नेमक्या ओळी लिहाव्या लागतील. इंटरनेट बदलणारा माणूस आणि नेटवर्क आखणारा माणूस वेगळे असले की ही गोष्ट हमखास सुटते.

भोसरीतले ऑफिस आणि शॉप एकाच इमारतीत असतील आणि मध्ये राउटिंग करू शकणारा लेयर ३ स्विच असेल, तर त्या दोन सबनेटांमध्ये स्टॅटिक रूटची गरजच नाही. दोन्ही सबनेट त्याच्या स्वतःच्या व्हीलॅनवर (एकाच स्विचवरच्या वेगळ्या आभासी नेटवर्कवर) असल्यामुळे ती त्याला आपोआप माहीत असतात. तिथे स्विचवर मुख्य राउटरकडे जाणारा एक डीफॉल्ट रूट आणि मुख्य राउटरवर स्विचकडे परतणाऱ्या ओळी एवढेच पुरते. नवीन बांधणी करणाऱ्याने माझ्या मते हाच पर्याय आधी पाहावा. जिथे जुनी उपकरणे तशीच ठेवून जोड द्यायचा आहे, तिथे पुढचे सगळे लागू होते.

परतीचा मार्ग

पिंग यशस्वी होण्यासाठी दोन पॅकेटांचा प्रवास पूर्ण व्हावा लागतो. जाणाऱ्या पॅकेटने वाटेत कोणतीही खूण सोडलेली नसते. उत्तराचे पॅकेट नव्याने निघते आणि त्याच्या वाटेवरचा प्रत्येक राउटर आपल्या यादीत पाहून नव्याने निर्णय घेतो. म्हणून भोसरीहून चाकणला जायचा मार्ग लिहिला आणि चाकणवर काहीच लिहिले नाही, तर पॅकेट चाकणच्या संगणकापर्यंत व्यवस्थित पोहोचते, तो संगणक उत्तरही देतो, आणि ते उत्तर चाकणच्या राउटरवर येऊन संपते. विनंतीच पोहोचली नाही की उत्तर परतले नाही, पाठवणाऱ्याला मात्र दोन्ही प्रकारचे अपयश सारखेच दिसते. अशा वेळी पलीकडच्या टोकाला वायरशार्कसारख्या, तारेवरची पॅकेट दाखवणाऱ्या साधनाने पाहावे. विनंती आलेली दिसत असेल, तर जाण्याची वाट ठीक आहे आणि शोध उलट दिशेने सुरू करायचा.

पुण्याच्या कारखान्यांत याचा सर्वांत वारंवार भेटणारा नमुना पीएलसीच्या गेटवेचा आहे. यंत्र बसवायला येणारा अभियंता आपला लॅपटॉप थेट यंत्राच्या स्विचला जोडतो, लॅपटॉपला त्याच रेंजमधला पत्ता देतो आणि सगळे चालते. एकाच सबनेटमध्ये असल्याने त्याला गेटवे लागत नाही, म्हणून पीएलसी, एचएमआय (यंत्राचा पडदा) आणि ड्राइव्ह (मोटर चालवणारे उपकरण) यांच्यातला गेटवेचा रकाना ०.०.०.० असाच राहतो. पुढे कधीतरी ऑफिसातून विनंती येते. ती पीएलसीला मिळते, पण १९२.१६८.१.२५ हा पत्ता त्याच्या सबनेटबाहेरचा असतो, बाहेरचे पॅकेट कोणाला द्यायचे हे त्याला कोणी सांगितलेले नसते, आणि तो गप्प राहतो. शॉपच्या राउटरवरून पिंग केले तर मात्र उत्तर येते, कारण तो राउटर त्याच सबनेटमधल्या १९२.१६८.१०.१ या पत्त्यावरून विचारत असतो. ‘राउटरवरून लागते, ऑफिसातून लागत नाही’ हे लक्षण दिसले की राउटरांच्या याद्या तपासण्याआधी पीएलसीचा गेटवे पाहावा. त्या रकान्यात १९२.१६८.१०.१ भरला की काम होते. काही उपकरणांना ते भरल्यावर वीज बंद करून चालू करावी लागते, तेव्हा लाइन चालू असताना हा उद्योग करू नये.

यंत्र वॉरंटीत असते आणि पुरवठादार त्याच्या सेटिंगला हात लावू देत नाही, असेही घडते. तेव्हा शॉपच्या राउटरवर असा नियम करता येतो की ऑफिसकडून त्या यंत्राकडे जाणाऱ्या पॅकेटचा पाठवणाऱ्याचा पत्ता बदलून १९२.१६८.१०.१ करावा. यंत्राला शेजाऱ्यानेच विचारल्यासारखे वाटते आणि ते उत्तर देते. हा उपाय चालतो, पण यंत्राच्या नोंदीत प्रत्येक विनंती राउटरकडूनच आलेली दिसते आणि कोणत्या संगणकाने काय केले हे नंतर सांगता येत नाही. म्हणून एखाद्या यंत्रापुरता तो ठीक आहे, सगळ्या शॉपसाठी सरसकट करू नये.

राउटरवरून केलेले पिंग आणखी एका प्रकारे फसवते. राउटर पिंग करतो तेव्हा पाठवणारा पत्ता म्हणून, वेगळे काही सांगितले नाही तर, ज्या पोर्टातून पॅकेट बाहेर पडते त्याचा पत्ता वापरतो. चाकणच्या राउटरने भोसरीच्या संगणकाला पिंग केले तर ते १०.०.०.२ या पत्त्यावरून जाते. भोसरीच्या राउटरला १०.०.०.० हे सबनेट आपोआप माहीत असल्याने उत्तर परत येते आणि सगळे जुळले असे वाटते. प्रत्यक्षात भोसरीवर १९२.१६८.२०.० साठीची ओळ लिहायची राहिली असेल, तर चाकणच्या एकाही संगणकाला भोसरीकडून उत्तर मिळत नाही. बहुतेक राउटरांवर पिंग करताना कोणत्या पत्त्यावरून करायचे हे सांगता येते. तिथे चाकणच्या राउटरचा आतल्या बाजूचा पत्ता, समजा १९२.१६८.२०.१, द्यावा, म्हणजे खरी परीक्षा होते.

साध्या वायफाय राउटरचा घोटाळा

शॉपचा राउटर म्हणून कपाटात पडलेला वायफाय राउटर लावायचा मोह पुष्कळांना होतो. त्याचे वॅन (इंटरनेटकडचे) पोर्ट ऑफिसच्या स्विचला आणि लॅन (आतले) पोर्ट शॉपच्या स्विचला जोडले की शॉपवरून ऑफिसातला सर्व्हर दिसतो, इंटरनेटही चालते, आणि कुठेही स्टॅटिक रूट लिहावा लागत नाही. ते चालते कारण असा राउटर वॅनकडे जाणाऱ्या प्रत्येक पॅकेटवर नॅट करतो, म्हणजे पाठवणाऱ्याचा पत्ता काढून तिथे स्वतःचा १९२.१६८.१.२ लावतो. ऑफिसच्या दृष्टीने शॉप नावाचे सबनेटच नसते, त्यामुळे परतीच्या मार्गाचा प्रश्न येत नाही. उलट दिशेने मात्र ऑफिसातून कोणी यंत्राला हाक मारली, तर वॅनच्या बाजूने अनाहूत आलेले पॅकेट म्हणून ती अडवली जाते. मुख्य राउटरवर स्टॅटिक रूट अचूक लिहिला तरी काही होत नाही, आणि दोष मात्र त्या ओळीला दिला जातो.

त्या राउटरवर नॅट बंद करण्याची सोय असेल तर ती वापरावी आणि वॅनकडून येणारी रहदारी फायरवॉलमधून (पॅकेट अडवणाऱ्या किंवा सोडणाऱ्या व्यवस्थेतून) मोकळी करावी. नसेल तर तो राउटर या कामाचा नाही हे मान्य करून दुसरा घ्यावा. नॅट बंद केल्यावर आणखी एक गोष्ट पाहावी लागते. आता शॉपची पॅकेट स्वतःच्या १९२.१६८.१० च्या पत्त्यासह मुख्य राउटरवर येतात, आणि इंटरनेटकडे जाताना त्यांच्यावर नॅट करण्याचे काम मुख्य राउटरकडे येते. काही राउटर फक्त स्वतःच्या लॅनच्या सबनेटलाच नॅट देतात. तसे असेल तर ऑफिस आणि शॉप एकमेकांना दिसतील, पण शॉपवरचे इंटरनेट बंद पडेल.

पिंग लागते, पान उघडत नाही

आमच्या आखणीत एक खोट मुद्दाम ठेवलेली आहे. शॉपच्या राउटरचे एक तोंड ऑफिसच्याच सबनेटमध्ये आहे. त्यामुळे ऑफिसातल्या संगणकाचे पॅकेट आधी १९२.१६८.१.१ या मुख्य राउटरकडे जाते, तो ते ज्या पोर्टातून आले त्याच पोर्टातून परत १९२.१६८.१.२ कडे पाठवतो, आणि मग ते यंत्राकडे पोहोचते. उत्तर मात्र शॉपच्या राउटरवर आले की त्याला दिसते की १९२.१६८.१.२५ तर आपल्या थेट ओळखीच्या सबनेटमध्ये आहे, आणि तो उत्तर मुख्य राउटरला वगळून सरळ संगणकाला देतो. जाण्याची वाट एक, येण्याची दुसरी.

मुख्य राउटर जर नुसता राउटर असेल तर यात काही बिघडत नाही. हल्ली मात्र त्या जागी प्रत्येक संभाषणाची नोंद ठेवणारी फायरवॉल असते. टीसीपीचे संभाषण तीन पॅकेटांनी जुळते. पहिले, सिन, फायरवॉलमधून जाते. दुसरे, यंत्राचे सिन-अॅक, फायरवॉलला न दिसता थेट संगणकाकडे येते. तिसरे, संगणकाचे अॅक, पुन्हा फायरवॉलकडे जाते, आणि तिला मधले पॅकेट दिसलेलेच नसल्यामुळे हे संभाषण तिच्या हिशेबात जुळत नाही. ती ते टाकून देते. पिंगला अशी तीन पायऱ्यांची गरज नसल्याने पिंग निर्धोक चालू राहते. परिणामी यंत्राला पिंग लागते, पण त्याचे वेबपान उघडत नाही किंवा पीएलसीचे सॉफ्टवेअर जोडणी अर्धवट सोडते, आणि दोष सॉफ्टवेअरचा म्हणून दोन कंपन्यांमध्ये पत्रव्यवहार सुरू होतो.

यावर चांगला उपाय म्हणजे शॉपचा राउटर ऑफिसच्या स्विचवरून काढून मुख्य राउटरच्या मोकळ्या पोर्टावर जोडणे आणि त्या दोघांमध्ये फक्त दोघांचे छोटे सबनेट ठेवणे, जसे १०.०.०.४/३०. मुख्य राउटर १०.०.०.५, शॉपचा राउटर १०.०.०.६. मग शॉपकडची ओळ १०.०.०.६ कडे जाते, शॉपचा डीफॉल्ट रूट १०.०.०.५ कडे, आणि दोन्ही दिशांची पॅकेट फायरवॉलमधूनच जातात. मोकळे पोर्ट नसेल तर व्हीलॅनने तेच साधता येते. दुसरा उपाय ऑफिसातल्या प्रत्येक संगणकावरच मार्ग लिहिण्याचा आहे. विंडोजवर तो ‘रूट ॲड’ ने लिहिता येतो, मात्र सोबत ‘-पी’ दिले नाही तर संगणक पुन्हा सुरू होताच ती ओळ नाहीशी होते. हेच मार्ग डीएचसीपीच्या (संगणकांना आपोआप पत्ते वाटणाऱ्या सेवेच्या) १२१ क्रमांकाच्या पर्यायातून वाटण्याची सोय २००२ च्या आरएफसी ३४४२ ने केली आहे. पण तो पर्याय मानणारा संगणक नेहमीचा गेटवेचा पर्याय बाजूला ठेवतो, त्यामुळे डीफॉल्ट रूटही त्या १२१ मध्येच घालावा लागतो, नाहीतर सगळ्या ऑफिसचे इंटरनेट एकदम जाते. फायरवॉलमध्ये तपासणीच शिथिल करण्याचा तिसरा मार्गही असतो. मी तो सुचवणार नाही.

एकच रेंज दोन्हीकडे

भोसरी आणि चाकण या दोन्ही ठिकाणी राउटर डब्यातून काढून तसाच लावला असेल, तर दोन्हीकडे १९२.१६८.१.० किंवा १९२.१६८.०.० हेच सबनेट निघण्याची शक्यता बरीच असते. अशा वेळी स्टॅटिक रूट काहीच करू शकत नाही, कारण पलीकडचा पत्ता संगणकाला आपल्याच सबनेटमधला वाटतो आणि पॅकेट राउटरपर्यंत येतच नाही. नॅटने यातून वाट काढता येते, पण मग एकाच यंत्राला इकडून एक आणि तिकडून दुसरा पत्ता, असा हिशेब कायमचा मागे लागतो. लहान बाजूचे पत्ते एखाद्या रविवारी, यंत्रे बंद असताना, बदलून घेणेच शेवटी स्वस्त पडते.

पुढची वाढ डोळ्यांसमोर ठेवून काही जण चाकणसाठी १९२.१६८.१६.० पासून १९२.१६८.३१.० पर्यंतची सोळा सबनेट राखून ठेवतात आणि भोसरीवर १९२.१६८.१६.०/२० अशी एकच मोघम ओळ लिहितात. हे शहाणपणाचे आहे, एक सावधगिरी घेतली तर. चाकणला आज त्यातले फक्त १९२.१६८.२०.० अस्तित्वात आहे. कोणी चुकून १९२.१६८.२५.५ कडे पॅकेट पाठवले, तर भोसरी ते चाकणकडे देते, चाकणला ते सबनेट माहीत नसल्याने तो आपल्या डीफॉल्ट रूटने परत भोसरीकडे देतो, आणि हा चेंडू टीटीएल (पॅकेटला उरलेल्या टप्प्यांची मोजणी) संपेपर्यंत लीज्ड लाइनीवर इकडून तिकडे फिरतो. प्रत्येक राउटर टीटीएल एकाने कमी करतो आणि विंडोजचे पॅकेट १२८ ने सुरू होते, म्हणजे एक पॅकेट ती लाइन शंभराहून अधिक वेळा ओलांडते. पिंगच्या उत्तरात ‘टीटीएल एक्स्पायर्ड इन ट्रान्झिट’ दिसले की असे चक्र शोधावे. चाकणच्या राउटरवर १९२.१६८.१६.०/२० साठी पॅकेट टाकून देणारी एक ओळ लिहिली की चक्र तुटते, खऱ्या १९२.१६८.२०.०/२४ ला तिचा त्रास होत नाही, कारण तिथली नोंद जास्त नेमकी आहे.

मार्ग म्हणजे परवानगी नव्हे

मार्ग लिहिल्याने शॉप ऑफिसला दिसते, तसेच ऑफिसातला विषाणूही शॉपला दिसतो. अनेक सीएनसी यंत्रांच्या नियंत्रकांत जुने, अद्ययावत न होणारे विंडोज असते. मे २०१७ मधला वॉनाक्राय हा विषाणू नेटवर्कवरून पोहोचता येईल अशा विंडोज यंत्रांत आपोआप शिरत होता, आणि त्याच वर्षी जूनमध्ये नॉटपेट्याने न्हावाशेवा बंदरातल्या एका टर्मिनलचे काम विस्कळीत केले होते. म्हणून मार्ग चालू झाल्याची खात्री होताच फायरवॉलवर नेमका नियम करावा : ऑफिसातल्या कोणत्या संगणकाने, कोणत्या यंत्राशी, कोणत्या पोर्ट क्रमांकावर बोलायचे. क्रम महत्त्वाचा आहे. आधी मार्ग दोन्ही दिशांनी तपासावा आणि मग नियम घट्ट करावे. दोन्ही एकदम केले की काय अडले ते कळत नाही. विंडोजच्या स्वतःच्या फायरवॉलमधले काही नियम फक्त स्थानिक सबनेटपुरते असतात, त्यामुळे मार्ग बरोबर असूनही एखादा संगणक दुसऱ्या सबनेटच्या पिंगला उत्तर देत नाही, हेही या तपासणीत लक्षात ठेवावे. प्रिंटर किंवा कॅमेरा आपोआप शोधणारी साधने ब्रॉडकास्ट आणि मल्टिकास्टवर, म्हणजे अनेकांना एकदम मारलेल्या हाकांवर, चालतात आणि राउटर ते सहसा पुढे जाऊ देत नाहीत. तिथे पत्ता हाताने टाकावा लागतो.

लाइन तुटल्यावर

स्टॅटिक रूटला परिस्थिती समजत नाही. राउटरचे पोर्ट बंद पडले तर त्यावर अवलंबून असलेला मार्ग यादीतून निघून जातो, एवढेच त्याला कळते. लीज्ड लाइन मात्र बहुधा मीडिया कन्व्हर्टरमधून (फायबर आणि साधी केबल जोडणाऱ्या डब्यातून) राउटरला जोडलेली असते. रस्त्याच्या खोदकामात मोशीजवळ फायबर तुटली, तरी कन्व्हर्टर आणि राउटर यांच्यातली हातभर केबल शाबूत असते, पोर्टवरचा दिवा हिरवा राहतो, आणि राउटर चाकणची पॅकेट निष्ठेने तुटलेल्या लाइनीत टाकत राहतो. पर्याय म्हणून इंटरनेटवरून व्हीपीएन (सुरक्षित आभासी जोड) ठेवला असला, तरी त्याची पाळी येत नाही.

यासाठी दोन गोष्टी लागतात. त्याच सबनेटसाठी व्हीपीएनकडे जाणारी दुसरी ओळ कमी पसंतीने लिहायची. सिस्कोच्या राउटरवर स्टॅटिक रूटचे अंतर (पसंतीचा आकडा, लहान तो आधी) १ असते, दुसऱ्या ओळीला २०० सारखा मोठा आकडा दिला की पहिली असेपर्यंत ती यादीत येत नाही. आणि पहिली ओळ खरोखर जिवंत आहे का हे पलीकडच्या टोकाला सतत पिंग करून तपासायला सांगायचे. सिस्कोमध्ये ते आयपी एसएलए आणि ट्रॅक यांनी होते, मायक्रोटिकमध्ये ‘चेक गेटवे’ने. हे दोन्ही टोकांना करावे लागते. भोसरीने व्हीपीएन धरला आणि चाकण मात्र तुटलेल्या लाइनीलाच चिकटून राहिला, तर भोसरीची पॅकेट चाकणला पोहोचतात आणि उत्तरे तुटलेल्या फायबरमध्ये जातात.

दोन-तीन ठिकाणे आणि प्रत्येकाला एकच दार असेपर्यंत मी स्टॅटिक रूटच वापरेन. तो वाचता येतो, आपण लिहिल्याशिवाय बदलत नाही, आणि ओएसपीएफ (राउटरांनी आपसांत मार्ग कळवण्याची पद्धत) समजणारा माणूस प्रत्येक कारखान्यात नसतो. ठिकाणे चार-पाचच्या पुढे गेली, किंवा ठिकाणांमध्ये एकाहून जास्त वाटा झाल्या, की प्रत्येक नव्या सबनेटसाठी प्रत्येक राउटरवर ओळ लिहावी लागते आणि त्यातली एखादी परतीची ओळ राहतेच. तिथून पुढे ते काम ओएसपीएफकडे द्यावे. तोपर्यंत प्रत्येक राउटरची यादी कागदावर छापून त्याच्याच रॅकच्या दाराच्या आतल्या बाजूला चिकटवलेली असावी, कारण लाइन तुटते तेव्हा शेअर्ड ड्राइव्हवर ठेवलेली प्रत उघडत नाही.